दुसऱ्या लग्नाची शिक्षा नेमकी कोणाला होते?

भीमथडी (धागाकर्ता):
हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर मुंबई प्रांताने १९४६ सालीच, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या नऊ वर्षे आधी, बंदी घातली. तरीही गावात पहिले बिऱ्हाड आणि तालुक्याला ‘दुसरं घर’ असलेले ठेकेदार आणि पुढारी आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. माझे म्हणणे असे की, हा कायदा दुसरे लग्न रोखत नाही, तो ते लग्न झालेच नाही असे म्हणतो, आणि या न झालेपणाची किंमत नवऱ्याकडून नव्हे तर दुसऱ्या बाईकडून वसूल होते.

दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. भाऊराव लोखंडे खटल्यात (१९६५) पहिली पत्नी हयात असताना गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न लावले गेले होते. होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही, सबब विवाह विधिवत झाला नाही आणि म्हणून गुन्हाही घडला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. यमुनाबाई आढाव प्रकरणात (१९८८) लग्न धार्मिक विधींनी लागले होते. पण नवऱ्याची पहिली पत्नी हयात असल्याने ते शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी न झालेले, ठरले आणि यमुनाबाईंना पोटगी मिळाली नाही. पहिल्या लग्नाची कल्पना आपल्याला दिली नव्हती, हे त्यांचे म्हणणेही उपयोगी पडले नाही. विधी अपुरे असतील तर नवरा सुटतो आणि पुरे असतील तर बाई उघड्यावर पडते. गुन्हा कायम ठेवावा, माझी हरकत नाही; परंतु दुसरीला पोटगी आणि राहते घर मिळालेच पाहिजे.

सातारकर:
आपल्या मांडणीत पहिली बायको कुठेच दिसत नाही. तीन एकर जिरायत जमिनीवर दोन संसार बसवायचे म्हटले की दुसरीचा वाटा पहिलीच्या ताटातूनच निघणार. शिवाय यमुनाबाई निकालापाशी थांबणे अपुरे आहे. बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पहिले लग्न लपवून ज्याने दुसरे केले त्याला त्याच लपवाछपवीचा आधार घेऊन पोटगी नाकारता येणार नाही. फसवली गेलेल्या बाईला वाट मिळाली आहे. सगळे ठाऊक असून जी सवत म्हणून येते, तिला कायद्याने पत्नीचे हक्क द्यायचे असतील, तर मग बंदी कशाची उरली?

नैतिक बाजूही टाळू नये. दुसऱ्या लग्नाचे समर्थन आपल्याकडे बहुधा वंशाच्या दिव्यावरून झाले. गोव्यातील हिंदूंच्या रूढींना पोर्तुगीज राजवटीने १८८० साली संहितेचे रूप दिले, तेव्हा पत्नीला पंचविशीपर्यंत मूल नसेल किंवा तिशीपर्यंत मुलगा नसेल तर पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा ठेवली. कायदा सैल केला की तो कोणाच्या बाजूने सैल होतो, हे त्यावरून कळावे.

तळटीप:
दोघेही गृहीत धरत आहात की एकपत्नीत्व हाच नीतीचा मापदंड आहे. तिन्ही सज्ञान व्यक्तींची खुली संमती असेल, तर शासनाने मध्ये पडण्याचे कारण काय? मूल नसलेली बाई स्वतः पुढाकार घेऊन धाकट्या बहिणीचे लग्न नवऱ्याशी लावते, ही उदाहरणे आपल्या घराण्यांत आहेत. त्यातील प्रत्येक बाईला अजाण ठरवणे मला पटत नाही.

सातारकर:
ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डेंगणमाळ हे गाव आठवावे. नळ नव्हता, म्हणून विहिरीवरून हंडे आणण्यासाठी दुसरी, तिसरी बायको केली जाई आणि तिला ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्यांतल्या काही विधवा, काही टाकलेल्या होत्या. ‘हो’ त्यांनीही म्हटले होतेच. माहेरचे दार बंद असलेल्या बाईच्या होकाराला आपण संमती म्हणणार असू, तर तो शब्द फार स्वस्त झाला आहे. धाकट्या बहिणीला उभी करणाऱ्या त्या मूल नसलेल्या बाईपुढे तरी, टाकली जाण्याखेरीज, दुसरा कोणता पर्याय होता?

मुळामुठा:
या चर्चेत मुसलमान पुरुषाला मिळालेली चार लग्नांची मुभा कोणीच काढली नाही, याचे आश्चर्य वाटले. मुंबई उच्च न्यायालयातील नरसू अप्पा माळी खटल्यात (१९५१) हाच आक्षेप होता की १९४६ ची बंदी फक्त हिंदूंवर का. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला. सुधारणा एकेका समाजात टप्प्याटप्प्याने करण्यास राज्याला मोकळीक आहे, असे त्यांचे मत पडले. त्या टप्प्याला आता सत्तर वर्षे उलटून गेली. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रिया मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या, त्यांच्या मागण्यांत बहुपत्नीत्वाची बंदी होतीच. तेव्हा ही मागणी बाहेरून लादलेली आहे, असे म्हणणाऱ्यांना माझ्याकडून सूट नाही. त्याचबरोबर, हा प्रश्न एकाच धर्माचा समजणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे (२०१९-२१) आकडे पाहावेत: नवऱ्याला आणखी बायको असल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया मुस्लिमांत १.९ टक्के, हिंदूंत १.३ टक्के. एकीकडे मुभा, दुसरीकडे तुरुंगाची धमकी, आणि फरक एवढासाच.

भीमथडी (धागाकर्ता):
मुळामुठा यांच्या आकड्यांनी माझे काम सोपे केले. तळटीप यांच्याशी मी सहमत नाही. डेंगणमाळचे उत्तर पुरेसे आहे. सातारकर यांचा ताटातल्या वाट्याचा मुद्दा मात्र मान्य करतो. म्हणून माझी मागणी दुरुस्त करतो: दुसरीची पोटगी नवऱ्याच्या स्वतःच्या कमाईतून आणि हिश्श्यातून निघावी, पहिलीचे घर आणि स्त्रीधन यांना हात न लावता. मुलांच्या बाबतीत न्यायालय याच मार्गाने गेले आहे. २०२३ च्या निकालानुसार शून्य विवाहातील संततीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाच्या वाट्यापुरताच हक्क आहे.

राहिला तुरुंगाचा प्रश्न. या गुन्ह्यात पोलीस स्वतःहून काही करू शकत नाहीत. तक्रार पहिल्या बायकोने किंवा तिच्या वतीने जवळच्या नातलगाने करायची असते. शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे जिची चूल नवऱ्याच्या पगारावर पेटते, तिनेच तो पगार बंद पाडावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. सातारकर, आपल्या ओळखीत अशी तक्रार शेवटपर्यंत नेलेली एक तरी बाई आहे का?

सातारकर:
एक आहे. तिला सख्ख्या भावाने आयुष्यभर सांभाळले, म्हणून ती नेऊ शकली.