सोमवारी तो परत वर्गात येतोय. मी काय बघू, काय बोलू?

वर्गशिक्षिका_पुणे

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकलला शिकवते. सेकंड इयरच्या बावीस मुलांची मी जीएफएम आहे, म्हणजे पालक-शिक्षक. हजेरी बघायची, टर्मवर्क पूर्ण करून घ्यायचं, वेळ पडली तर घरी फोन करायचा, असं ते काम.

या बावीसातल्या एकाने गेल्या महिन्यात जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलून लिहितेय.

माझ्या रजिस्टरला त्याच्या नावापुढे एकही लाल खूण नाही. हजेरी ८१ टक्के. केटी (राहिलेला विषय) एकच, तीही एम-थ्रीची, म्हणजे गणिताची, जी निम्म्या वर्गाला आहे. मी ज्यांच्यावर डोळा ठेवून होते ती तीन मुलं वेगळीच. चार-चार विषय राहिलेली, वर्गात मागे बसणारी. ती ठणठणीत आहेत.

त्याच आठवड्यात तो ड्रॉइंगची शीट तपासून घ्यायला आला होता. मी म्हटलं, "बारीक झालायस रे, मेस बदल." तो म्हणाला, "हो मॅडम." मी सही केली आणि पुढच्याची शीट घेतली. महिना झाला, ते "हो मॅडम" माझ्या कानातून जात नाही.

सोमवारी तो कॉलेजला येतोय. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, त्याच्यापुढे विषयच काढू नका, पुन्हा डोक्यात येईल. ऑफिसला त्याच्या वडिलांकडून हमीपत्र हवंय आणि हॉस्टेलची खोलीही रिकामी करून हवीय. "पोलीस केस असते ही" असं वडिलांना तोंडावर सांगितलं गेलं. ते शेतकरी माणूस, हात जोडून उभे होते.

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. धोका कुणाला जास्त असतो, तो आधी कशावरून ओळखायचा? आणि सोमवारी मी त्याच्याशी काय बोलू?

---

सांगलीकर_डॉक्टर

मॅडम, मी मनोविकारतज्ज्ञ आहे. आधी सोमवारचं सांगतो, कारण ते तोंडावर आलंय.

आधी एकदा प्रयत्न झालेला असणं हाच पुढच्या धोक्याचा सगळ्यात मोठा इशारा. त्यातही दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे, अगदी तीन महिन्यांपर्यंत, फार नाजूक. नेमकं तेव्हाच घरच्यांना वाटतं, पोरगं कॉलेजला जायला लागलं, सुटलो. पण हेही लक्षात ठेवा आणि त्याच्या वडिलांनाही सांगा: प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. तुमचा मुलगा त्या नवांत राहावा यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे.

विचारल्याने डोक्यात येतं हा गैरसमज आहे. विचारल्याने धोका वाढत नाही. बहुतेक मुलांना हायसं वाटतं. आडून विचारू नका. "जीव नकोसा वाटतो का? मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा आणि मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. "कुणाला सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नका. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी घरी आणि त्याच्या डॉक्टरांना फोन करायचा. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आता धोका कुणाला. एकच कारण शोधायला गेलात की चुकाल. काही गोष्टी जुन्या असतात: नैराश्यासारखा आजार, दारू किंवा नशा, लहानपणी झालेला अत्याचार, घरात आधी कुणी आत्महत्या केलेली. काही ताज्या असतात: प्रेमभंग, रॅगिंग, जातीवरून रोजचे टोमणे, चारचौघांत झालेला अपमान, ऑनलाइन जुगारात गेलेले पैसे, ओळखीतल्या कुणाची आत्महत्या. जुन्यावर ताजं येऊन पडतं आणि मुलगा एकटा असतो, तेव्हा तोल जातो. माझ्या ओपीडीत वारंवार ऐकू येणारं वाक्य म्हणजे "घरी सांगितलेलं नाही". नापास झाल्यापेक्षा ते लपवून ठेवण्याने पोरं जास्त खचतात, हा माझा अनुभव.

मार्कांचं म्हणाल, तर एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या पोलीस नोंदी गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्याच अहवालात सर्व वयोगट मिळून कौटुंबिक प्रश्न ३१.७ टक्के, आजार १८.४ टक्के, आणि परीक्षेतलं अपयश एक टक्क्याच्या आसपास. पोलिसांच्या कागदावर एकच कारण लिहिलं जातं, म्हणून हे आकडे जपून वाचावेत. पण नुसतं मार्कांचं रजिस्टर बघून हा धोका कळणार नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग बघायचं काय? झोप. हे मी प्रत्येक पालकाला सांगतो. कित्येक रात्री झोप नसलेला मुलगा सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला हजर असू शकतो, तुमच्या रजिस्टरमध्ये त्याची प्रेझेंटी लागते. जेवण तुटणं, मित्रांत असून गप्प राहणं, जीव लावलेल्या वस्तू वाटून टाकणं, "माझा सगळ्यांना त्रासच आहे" असं बोलणं. खूप दिवस खचलेला मुलगा अचानक अगदी शांत झाला, तर तेव्हाही विचारा.

वडिलांना एक काम सांगा. घरात आणि शेतावर जिवाला अपाय होईल असं जे काही आहे ते कुलपात, किल्ली वडिलांकडे. तो झटका बऱ्याचदा काही मिनिटांचा, काही तासांचा असतो. तेवढा वेळ टळला तर माणूस वाचतो.

आणि फोन करत राहा. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी, प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या १,८६७ जणांवर एक अभ्यास केला होता, २००८ मध्ये छापून आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांशी त्याशिवाय तासभर समजावून बोलणं, मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले, फोन-भेटीच्या गटात ०.२ टक्के.

---

नांदेडचा_मुलगा

मॅडम, मी चार वर्षांपूर्वी त्याच्या जागी होतो. आज नोकरी करतो, लग्न ठरलंय.

माझा वायडी लागला होता, म्हणजे विषय राहिल्याने वर्ष गेलं होतं. घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा आणि सॅक घेऊन रूमवरून निघायचो आणि बसस्टॉपवर बसायचो. सात महिने. आईचा फोन आला की "लेक्चरला आहे" म्हणून कट करायचो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बँकेने अडवला, तोही एकट्यानेच डोक्यावर घेतला. माझ्या वेळी कुणी काही विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं असं नाही. पण दुसऱ्यांदा विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मला दुसऱ्यांदा विचारलं ते मेसच्या मावशींनी. दवाखान्यातून आल्यावर. आमच्या मेसचं पुठ्ठ्याचं कार्ड असायचं, तीस चौकोनांचं, जेवलं की मावशी पेनने फुली मारायच्या. त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं. महिना संपत आलेला आणि फुल्या नऊ. म्हणाल्या, "पैसे तीस दिवसांचे घेतलेत मी. कुठं जातोस?" मी "बाहेर खातो" म्हटलं. त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नको, तोंड बघ आरशात." मग मी तिथेच रडलो. त्यांनीच रात्री माझ्या भावाला फोन लावला.

कृपा करून त्याला हॉस्टेलमधून काढू देऊ नका. मला खोली सोडायला लावली होती. माझे दोनच मित्र होते आणि ते त्याच मजल्यावर राहायचे. आणि वर्गात त्याच्याकडे काचेच्या भांड्यासारखं बघू नका. शीट बरोबर नसेल तर परत काढायला लावा.

---

कोर्टकचेरी

पोलीस केसबद्दल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम ११५: ज्याने प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरून चालतो, त्याच्यावर खटला नाही. उलट त्याला उपचार मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९, म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा धरणारं कलम, उरलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं एक कलम आहे, त्याचा इथे संबंध नाही. दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते, ती नोंद आहे, गुन्हा नव्हे. वडिलांना हे शांतपणे समजावून सांगा.

ऑफिससाठी: सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांना निर्देश दिलेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, हॉस्टेल आणि वर्गांत हेल्पलाइनचे नंबर ठळक लावलेले. तुम्हाला हे प्रशिक्षण कधी मिळालं, एवढंच प्राचार्यांना लेखी विचारा. रॅगिंगची शंका असेल तर यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही लाइन वेगळी आहे.

---

वर्गशिक्षिका_पुणे

प्रशिक्षण शून्य. पत्र आज दिलं, पोचही घेतली. वडिलांशी अर्धा तास फोनवर बोलले. केस होणार नाही हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "मग मी त्याला घेऊन येतो, मॅडम." हॉस्टेलचं अजून लोंबकळतंय. एचओडी सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, माझ्या बाजूने आहेत.

सांगलीकर डॉक्टर, ते वाक्य मी घरी मोठ्याने म्हणून बघितलं. "मरायचे विचार येतात का?" तिसऱ्या वेळेला कुठे तोंडातून नीट निघालं.

---

सांगलीकर_डॉक्टर

म्हणून बघितलंत हे फार चांगलं केलंत. मलाही शिकताना जीभ अडखळायची.

---

वर्गशिक्षिका_पुणे

सोमवार रात्र. लिहिते आणि झोपते.

वर्कशॉपच्या मागच्या कट्ट्यावर बसलो. आधी मी माफी मागितली, त्या दिवशी शीटवर सही करून पुढे गेले म्हणून. मग विचारलं. तो चपलेने माती उकरत राहिला. मी घड्याळ बघितलं नाही. शेवटी म्हणाला, "रात्री येतात. दिवसा नाही." मी म्हटलं, हे तुझ्या बाबांना आणि डॉक्टरांना आजच कळायला हवं, मी सोबत आहे. तो म्हणाला, "तुम्हीच लावा फोन." वडील कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवरच थांबले होते. चार वाजता तिघेही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी औषध बदललं आणि त्याच्याकडून एका कागदावर लिहून घेतलं: रात्री विचार आले तर आधी काय करायचं, मग कुणाला उठवायचं. पहिलं नाव रूममेटचं, दुसरं बाबांचं, तिसरं माझं. पुढचे पंधरा दिवस बाबा पुण्यातच भावाकडे राहणार, तोही रात्री तिथेच झोपणार.

जाताना त्याने विचारलं, "मॅडम, माझी चौथी शीट राहिलीय." म्हटलं, शुक्रवारी आण.

दर गुरुवारी संध्याकाळी सातला मी त्याला फोन करायचा, असं आमचं ठरलंय. मोबाईलमध्ये पुढच्या वर्षाच्या जूनपर्यंत गजर लावून ठेवलाय.