शब्दचर्चा: ‘धुरा’ हाती घेतात की खांद्यावर?

चोपड्याचा वार्ताहर

तालुक्याच्या पानासाठी बातम्या लिहितो. शाळेला नवीन मुख्याध्यापिका आल्या, विकास सोसायटीचे चेअरमन बदलले, तहसीलदार बदलून आले की एक वाक्य तयारच असतं: ‘यांनी नुकतीच पदाची धुरा हाती घेतली.’ कधी धुरा, कधी सूत्रे, कधी पदभार. मागच्या बातमीत एक शब्द आला असेल तर पुढच्या बातमीत दुसरा घालतो. पण हे सगळे शब्द खरंच एका अर्थाचे आहेत का? आणि धुरा ‘हाती’ घेता येते का? जाणकारांनी सांगावं.

पारोळ्याचे निवृत्त शिक्षक

भाऊ, धुरा हाती घेता येत नाही. संस्कृतात ‘धुर्’ म्हणजे जू. ते बैलाच्या खांद्यावर असतं. धुरंधर म्हणजे मुळात जू वाहणारा, धुरीण शब्दही तिथलाच. म्हणून धुरा खांद्यावर घ्यावी, वाहावी, सांभाळावी. हातात घ्यायची ती सूत्रे. सूत्र म्हणजे दोरा, तो हातातच धरतात. तुमच्या वाक्यात दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

पदभार हा तिसराच शब्द, आणि तो कागदावरचा आहे. आदेश निघतो, तारीख पडते, ‘मध्यान्हपूर्व’ की ‘मध्यान्होत्तर’ तेही लिहावं लागतं. मी मुख्याध्यापकाचा चार्ज घेतलाही आणि दिलाही. (बोलताना सगळे ‘चार्ज’च म्हणतात, पदभार फक्त पत्रात.) टेबलावर जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर, शिक्के आणि कपाटांच्या किल्ल्या मांडायच्या. मग डेडस्टॉकप्रमाणे बाकं, खुर्च्या, घंटा, नकाशे एकेक मोजायचे. कमी भरलं तर तसा शेरा मारायचा. शेरा न मारता घेणाऱ्याने सही केली की ती न सापडलेली खुर्ची त्याच्या नावावर. पदभार म्हणतात तो एवढाच. तो अर्ध्या दिवसात घेऊन होतो. धुरा मात्र त्या दिवशी नुसती खांद्यावर येते.

शिरपूरचा शेतकरी

गुरुजी, तुमचं जू बरोबर आहे, पण गाडीवाल्याची धुरा राहिली. बैलगाडीत पुढे, जुवाच्या बाजूला बसून जो बैल हाकतो, तो ‘धुरेवर बसला’ असं आपण म्हणतो. त्यालाच धुरकरी म्हणायचं. म्हणजे धुरा बैलाचीही आणि हाकणाऱ्याचीही. पुढाऱ्याला आपण नेमकं कुठे बसवतो, जुवाखाली की जुवावर?

पारोळ्याचे निवृत्त शिक्षक

दादा, हा अर्थ मला मान्य आहे, आणि तो यायलाच हवा होता. पण धुरेवर बसलेल्याच्याही हातात कासरा असतो, धुरा नसते. तेव्हा ‘हाती घेतली’ तरीही चूकच. ‘धुरेवर बसले’ असं लिहा की, मला तर ते जास्त आवडेल. फक्त शहरातल्या वाचकाला कळणार नाही.

भुसावळचा रेल्वेवाला

आमच्याकडे स्टेशन मास्तरची पाळी बदलते तेव्हा डायरीत चार्ज दिला-घेतला लिहून दोघे सह्या करतात. कुठल्या लाइनीवर कोणती गाडी उभी, कोणता ब्लॉक चालू, हे समजून घेतल्याशिवाय घेणारा सही करत नाही. कितीही घाई असो. गाडीचा चार्ज गार्डकडे. 2022 पासून त्याचं नाव ट्रेन मॅनेजर झालं, चार्ज तोच.

मला बोलायचं आहे ते ‘जबाबदारी’वर. शब्द जबाबातला आहे. जबाब म्हणजे उत्तर, ज्याच्याकडे उत्तर मागायचं तो जबाबदार. क्रियापदं बघा म्हणजे फरक कळेल. जबाबदारी झटकता येते, टाळता येते, दुसऱ्यावर ढकलता येते. ‘पदभार झटकला’ असं कधी ऐकलंय? पदभार सोडावा लागतो किंवा सोपवावा लागतो, त्याची नोंद होते. झटकल्याची नोंद कुठेच होत नाही, म्हणून तर झटकता येते.

आणखी एक. पदावर येताना आपण ‘जबाबदारी स्वीकारली’ म्हणतो आणि पदावरून जाताना ‘नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला’ म्हणतो. येताना-जाताना शब्द एकच. नोव्हेंबर 1956 मध्ये आजच्या तमिळनाडूतल्या अरियालूरला गाडीचा मोठा अपघात झाला, तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. गाडी काही ते चालवत नव्हते. पण उत्तर मागायला लोक आपल्याकडेच येणार, हे त्यांनी मानलं. जबाबदारी शब्दाचा इतका नेमका अर्थ मला दुसऱ्या कुठल्या उदाहरणात दिसत नाही. आमच्या कॉलनीत जुने लोक अजून ती गोष्ट काढतात.

नंदुरबारची ग्रामपंचायत सदस्य

या यादीत ‘कारभार’ घ्या, त्याशिवाय आमच्याकडचं चित्र पुरं होत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत, सरपंचपदही. निवडून ती येते, पदभार ती स्वीकारते, हार तिच्या गळ्यात पडतो. आणि बातमीखालच्या फोटोत मधल्या खुर्चीवर नवरा. ग्रामनिधीतून पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक (2024 पासून त्याचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) दोघांची सही लागते. ती सही तिची. गैरव्यवहार निघाला तर नोटीसही तिलाच येते. म्हणजे पदभार तिचा, जबाबदारी तिची, कारभार मात्र दुसऱ्याचा. वार्ताहर दादा, अशा ठिकाणी तुम्ही ‘कारभार हाती घेतला’ लिहिता तेव्हा ते खरं आहे का, हे एकदा गावात येऊन बघा. खरं असेल तर जरूर लिहा, ठळक लिहा. आता अशा बाया वाढताहेत, ग्रामसभेत स्वतः दप्तर मागून वाचतात. त्यांच्यासाठी तो शब्द राखून ठेवा.

अजून एक सांगते. आमच्या नंदुरबारात 1942 साली शिरीषकुमार मेहता तिरंगा घेऊन निघाला आणि पोलिसांच्या गोळीने गेला. पंधरा वर्षांचा पोरगा. त्याच्याकडे कुठलं पद नव्हतं, त्याला कुणी काही सोपवलं नव्हतं. तिथे यातला एकही शब्द चालत नाही. चालतो तो ‘पुढाकार’. पुढाकार कुणी देत नाही, तो घ्यावाच लागतो.

अमळनेरचा वाचक

ताईंचा मुद्दा फार मोलाचा. त्याला जोडून फैजपूर आठवलं. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. पण खेड्यात एवढं मोठं नगर उभारायचं, माणसांची सोय करायची, हे धनाजी नाना चौधरींनी आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी अंगावर घेतलं. तुमच्या शब्दांत सांगायचं तर सूत्रे नेहरूंच्या हाती आणि धुरा धनाजी नानांच्या खांद्यावर. दोन्ही शब्द वापरावे लागतात, कारण माणसं दोन आणि कामं दोन.

‘अंगावर घेणे’ मुद्दाम लिहिलं. अहिराणीत ‘हाई काम मना आंगवर शे’ (हे काम माझ्या अंगावर आहे) म्हटलं की पुढे विचारायची गरज राहत नाही. लग्नात मांडवाचं कोण बघणार, तर अमक्याच्या आंगवर. त्याला नेमणूकपत्र नसतं, पण मांडव पडला तर सगळं गाव त्याच्याचकडे बघतं. प्रमाण मराठीत मात्र ‘अंगावर घेणे’ला भांडण ओढवून घेण्याचा वास लागला आहे. वाईट वाटतं, इतका सरळ शब्द आहे.

‘बारभाई कारभार’चंही तसंच झालं. नारायणरावांच्या खुनानंतर नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी एकत्र येऊन राघोबादादांना रोखलं आणि पेशवाई सावरली. आज आपण तो शब्द गोंधळासाठी वापरतो. मी तरी वापरत नाही.

चोपड्याचा वार्ताहर

सगळ्यांचे आभार. यापुढे बदलून आलेल्या साहेबांसाठी ‘पदभार स्वीकारला’, संस्थेच्या निवडणुकीनंतर ‘सूत्रे हाती घेतली’, आणि धुरा असेल तर ती ‘खांद्यावर’. ताई, फोटोचंही लक्षात ठेवतो.

एक शंका उरली. आमच्याकडे एकाच ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात. त्यांना ‘प्रभारी’ म्हणायचं का?

पारोळ्याचे निवृत्त शिक्षक

नाही. मूळ गावी तो ग्रामसेवकच. बाकीच्या गावांचा त्याच्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ आहे असं लिहा. प्रभारी म्हणजे ती जागा रिकामी असताना तात्पुरता बसवलेला माणूस. मी स्वतः प्रभारी मुख्याध्यापक होतो. सह्या पूर्ण मुख्याध्यापकाच्या, पालक विचारायचे तेही मलाच, फक्त नावापुढे ‘प्रभारी’ लिहायचं. बातमीत तो शब्द गाळू नका. जागा अजून भरलेली नाही, हे वाचणाऱ्याला त्याच एका शब्दातून कळतं.