सेप्टिक टँकचा गाळ खाडीत जातोय, कोणतं यंत्र घ्यावं? तातडीने मदत हवी

किनारपट्टी: किनाऱ्यावरचं शहर, भुयारी गटार नाही. टँकरवाले गाळ उपसतात आणि रात्री खाडीत सोडतात. आठवड्याभरात प्रस्ताव द्यायचाय. यंत्र कोणतं, एवढंच सांगा.

जलदूत: रोज किती टँकर? भूजल किती खोल? टाक्यांना पक्का तळ आहे का?

किनारपट्टी: बहुतेक नुसते खड्डेच, भरतीला पाणी आत शिरतं. किनाऱ्यावर दुसरं काय असणार? टँकर चार-पाच.

वाफेवाला: मग यंत्र नकोच. वाळू-खडीचे वाफे करून पाणकणीस (पाणथळीतलं उंच गवत) लावा आणि गाळ त्यावर सोडा. पाणी खाली झिरपतं, गाळ वर सुकतो, वीज लागत नाही. आमच्याकडे हेच चालतं.

अभियंता_क: पावसाळ्यात उघडे वाफे सुकत नाहीत, आणि फार खारं पाणी आलं तर झाडंही जळतील. सरळ एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) ओता.

वाफेवाला: गटारच नाही तर एसटीपी कुठून आणणार? असला तरी हा गाळ सांडपाण्याच्या कित्येक पट दाट. छोट्या एसटीपीत एकदम टँकर ओतला की जिवाणूंचं काम कोलमडतं.

सुगंधा: टाकीत जिवाणूंची पावडर टाका, उपसावंच लागत नाही.

जलदूत: ताई, पावडरीने गाळ नाहीसा होत नाही, दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. आणि समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनतो. तो काँक्रीट खातो, माणसाचाही जीव घेतो. कुणालाही टाकीत उतरवू नका.

हरितऊर्जा: बायोगॅस करा ना!

अभियंता_क: वर्षानुवर्षं कुजलेल्या गाळात गॅस उरतो किती?

जलदूत: यंत्रापेक्षा मोठा प्रश्न, टँकरवाला गाळ-प्रक्रिया केंद्रापर्यंत येईल कशाला? खाडी जवळ आणि फुकट आहे. फिलिपिन्समधल्या दुमागेतेत नगरपालिका आणि पाणीपुरवठा संस्थेने मिळून केंद्र काढलं, गाळावर तळ्यांमध्ये प्रक्रिया करतात. उपशाचा खर्च पाणीबिलातून थोडाथोडा घेतात, त्यामुळे टाकी उपसायच्या दिवशी घरमालकावर एकदम बोजा पडत नाही. प्रस्तावात आधी हे लिहा.

किनारपट्टी: बिलाचं पटलं, लिहितो. पण जागा खाडीलगत आहे, मोठ्या भरतीला पाणी चढतं. भराव टाकून छपराचे वाफे केले तर?

वाफेवाला: चालेल, पण वाळलेला गाळ लगेच शेतात देऊ नका, जंतांची अंडी टिकून राहतात. नीट कंपोस्ट करून तापू द्या.

जलदूत: भरावाआधी वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीची पातळी कळवा.