मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आणि दरम्यान पेशंटला संगीत ऐकवायचं आहे, सुरुवात कशी करावी?

नेत्रविभाग_सिस्टर
नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणच्या नेत्ररुग्णालयात ओटी (ऑपरेशन थिएटर) सांभाळते. फॅकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या, बहुतेक केस थेंबांच्या भुलेवर होतात, थोड्यांना पेरिबल्बर ब्लॉक (डोळ्याभोवती सुईने दिलेली भूल) लागतो. पेशंट साठीच्या पुढचे, बीपीवाले बरेच. वॉर्डात ठीक असलेलं बीपी टेबलावर घेतलं की १८० च्या वर जातं, मग थांबून राहावं लागतं. सरांनी संगीत लावून बघायला हरकत नाही म्हटलंय. कधी लावायचं आणि किती वेळ? स्पीकर की हेडफोन? कोणतं संगीत? ‘अमुक राग बीपीवर’ असे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यात तथ्य आहे का? आणि फरक पडतोय हे मोजायचं कसं? खर्च फार करता येणार नाही.

भूलतज्ज्ञ_पश्चिम_महाराष्ट्र
सिस्टर, सगळ्यात मोलाची वेळ टेबलावरची नाही, बाहेर बाहुली मोठी करायचे थेंब घालत बसवता तेव्हाची आहे. पेशंट पाऊण-एक तास डोळे मिटून बसलेला असतो, हाताला काम नाही, आणि आतून बाहेर आलेल्यांचं बोलणं कानावर पडत असतं. भीती तिथे वाढते. शेवटची वीस मिनिटं संगीत द्या. पॅरिसमधल्या एका चाचणीत नेमकं हेच केलं होतं: पहिल्या डोळ्याच्या मोतीबिंदूआधी हेडफोनवर वीस मिनिटं. २०२१ साली ती जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात आली. शस्त्रक्रियेच्या वेळी बीपी चढण्याचं प्रमाण संगीत ऐकलेल्यांत १३.६ टक्के, न ऐकलेल्यांत ५२.९ टक्के. तिथल्या धूनची लय हळूहळू उतरत जायची आणि शेवटी पुन्हा थोडी चढायची.

मात्र संगीताच्या आधी तीन गोष्टी तपासा, नाहीतर दोष भलत्यालाच जाईल. सकाळची बीपीची गोळी ‘ऑपरेशन आहे’ म्हणून घरीच चुकवलीय का? टेबलावर घेण्याआधी लघवीला पाठवलंय का? भरलेल्या मूत्राशयाने बीपी चांगलंच चढतं. आणि थेंबांत फिनाइलेफ्रिन (बाहुली मोठी करणारं औषध) किती टक्के आहे? १० टक्क्यांचे थेंब म्हाताऱ्या माणसाचं बीपी स्वतःच वाढवतात. ट्रॉपिकामाइड या बाहुली मोठी करणाऱ्याच दुसऱ्या औषधाबरोबर ५ टक्केवाले मिळतात, ते वापरा, आणि थेंब घातल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून धरा. औषध नाकावाटे रक्तात कमी जातं.

ब्लॉकच्या सुईच्या वेळी संगीत बंद करा किंवा अगदी बारीक ठेवा. त्या क्षणी पेशंटला तुमचा आवाज ऐकू येणं जास्त गरजेचं. अमेरिकेत २०१९ साली नर्व्ह ब्लॉकच्या (नसेजवळ सुईने भूल देण्याच्या) १५७ पेशंटवर संगीत आणि मिडॅझोलाम हे भीती कमी करणारं गुंगीचं औषध यांची तुलना झाली. भीती दोन्हीने सारखीच उतरली, पण समाधान मिडॅझोलाम घेतलेल्यांचं जास्त होतं, आणि बाहेरचा आवाज अडवणाऱ्या हेडफोनमुळे बोलणं अवघड गेलं. म्हणून तसले हेडफोन ओटीत नकोत.

आणि पेशंट ‘दुखतंय’ म्हणाला तर आवाज वाढवू नका, भूल वाढवा.

ओटी_इनचार्ज
टेबलावरच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्या आधीच सांगते.

डोक्यावरून पट्टा येणारे हेडफोन आत चालत नाहीत. पट्टा उशीच्या खळग्यात टेकतो, डोकं उचललं जातं किंवा एका बाजूला कलतं, आणि मायक्रोस्कोपखाली लाल झाक (बाहुलीतून परत येणारा लालसर प्रकाश, त्यावरच सर्जनला आतलं दिसतं) नीट दिसत नाही. सर्जन डोकं सरळ करायला सांगतात, पेशंट मान ताठ करतो, केलेलं सगळं पाण्यात. कानात घालायचे असतील तर फक्त ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया नाही त्या बाजूच्या कानात. दुसऱ्या बाजूला धुण्याचं पाणी कानशिलावरून थेट कानात उतरतं. ड्रेपची (पेशंटवर अंथरलेल्या निर्जंतुक आवरणाची) पिशवी असली तरी थोडं येतंच. वायर ड्रेप घालायच्या आधीच खांद्याखालून घेऊन चिकटपट्टीने बसवा. नंतर हात घालायचा म्हणजे निर्जंतुक भाग गेला.

या कटकटीपेक्षा आत छोटा स्पीकर बरा, पेशंटच्या डोक्याशी, न होणाऱ्या डोळ्याच्या बाजूला. पण आवाज इतकाच की फॅको मशीनचा सूर आणि ऑक्सिमीटरची टिकटिक सर्जनला आणि आपल्याला स्पष्ट कळेल. मशीनचा सूर बदलला की टोकाशी काहीतरी अडकलंय हे सर्जनला कानानेच समजतं. तो सूर झाकला गेला तर संगीत धोक्याचं. ‘डोकं हलवू नका’, ‘दिव्याकडे बघा’ हे पहिल्या हाकेला ऐकू गेलं पाहिजे.

आणि टेबलावर ठेक्याचं काही लावू नका. टाळ-मृदंगावरचा द्रुत अभंग लागला की आपल्या आजोबांची मान आपोआप डोलते, बोटं ठेका धरतात, हात ड्रेपखालून वर येतो. माणूस खूश असतो, पण स्पेक्युलम (पापण्या उघड्या धरणारा चिमटा) लावलेला असतो! काही आज्या बरोबर गुणगुणायला लागतात, त्यानेही जबडा आणि डोकं हलतं. अभंग हवाच असेल तर बाहेर थेंबांच्या वेळी. आत बासरी किंवा संतूरचा संथ आलाप, तबल्याशिवाय.

ध्वनी_आणि_बायोमेडिकल
फसतं ते बहुतेक वेळा उपकरणापाशी.

कुणाचा तरी रोजचा मोबाइल वापरू नका. सिम नसलेला जुना फोन घ्या, विमान मोड चालू करा, ब्लूटूथ बंद ठेवा, सगळ्या फायली फोनमध्येच उतरवून ठेवा. फुकटच्या ॲपवर मध्येच जाहिरात वाजते, तीही संगीताच्या दुप्पट आवाजात, आणि पेशंट टेबलावर दचकतो. बाहेर तीन-चार खुर्च्या असतील तर प्रत्येकाला वायरवाला हेडफोन द्या. ब्लूटूथचे चार जोड एकमेकांच्या फोनला चिकटतात आणि सकाळच्या घाईत सिस्टरांचा जीव जातो. आतला स्पीकरही वायरचाच.

एकाच कानात देणार असाल तर फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. बऱ्याच ध्वनिमुद्रणांत तानपुरा एका बाजूला आणि बासरी दुसऱ्या बाजूला असते, मोनो न केल्यास पेशंट वीस मिनिटं नुसता तानपुरा ऐकत बसतो. सगळ्या फायलींचा आवाज एकसारखा करून घ्या. एका तुकड्यानंतर दुसरा अचानक मोठा लागला की शांत झालेली नाडी परत चढते. शेवट एकदम तोडू नका, दहा-पंधरा सेकंदांत आवाज विरू द्या.

आवाज ५० ते ६० डेसिबल पुरे. मोबाइलवरची मापनं अंदाजेच असतात, म्हणून साधी कसोटी: हेडफोन घातलेल्या माणसाशी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोला, एकदाच बोललेलं कळलं पाहिजे. हेडफोनची कानावरची गादी स्पंजची नको, ती पुसता येत नाही. गुळगुळीत रेक्झिनची घ्या, दर पेशंटनंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा, वर कागदी टोपीचं आवरण. अल्कोहोलने रेक्झिन काही महिन्यांत तडकतं, जादा जोड्या ठेवा.

नेत्रविभाग_सिस्टर
खूप आभार. मोनोचं अजिबात माहीत नव्हतं. रागांचं आणि मोजमापाचं कोणी सांगेल का? आणि कानाला यंत्र असलेल्यांचं काय करायचं?

संगीतोपचार_अभ्यासक
ताई, अमुक राग अमुक रोगावर, याला आधार मिळत नाही. आधार मिळतो तो संथ लय, साधारण मिनिटाला ६० ते ८० ठोके, चढउतार कमी, अचानक मोठा होणारा आवाज नाही, आणि पेशंटची स्वतःची निवड याला. त्यातही निवड मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रियेआधीच्या भीतीवरच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा), २०१३ चा आहे, २६ चाचण्या होत्या. २० ते ८० च्या मापावर भीती सरासरी पावणेसहा गुणांनी उतरली. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही, सरांनाही तसंच सांगा.

पाच-सहा पर्याय कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: बासरी, संतूर, संथ अभंग, भावगीतं, जुनी हिंदी गाणी, पावसाचा किंवा नदीचा आवाज. सातवा पर्याय ‘काही नको’. डोळ्यात थेंब पडले की वाचता येत नाही, म्हणून कार्ड भरती करतानाच दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रत्येकाची दहा सेकंदं ऐकवा. नावावरून धर्म ओळखून भजन लावू नका, विचारा. भजनांची यादी नीट तपासा: वैकुंठरथावर वाजणारी भजनं शस्त्रक्रियेच्या दाराशी लागली तर म्हाताऱ्या माणसाच्या मनात काय येईल? ‘एखादं गाणं नको वाटतं का?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचाच.

मोजायला दोन गोष्टी पुरेत. बीपी-नाडी तीन वेळा: थेंब सुरू करताना, टेबलावर घेतल्यावर, शस्त्रक्रिया संपल्यावर. आणि ‘भीती शून्य ते दहापैकी किती?’ पहिल्या दोन वेळी. कोणाला संगीत द्यायचं हे चिठ्ठी काढून ठरवा. घाबरलेल्यांनाच दिलंत तर आकडे उलटे येतील. टेबलावर बीपी घेणाऱ्याला कोणी ऐकलंय हे माहीत नसावं. हे पुढे छापायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (वैद्यकीय चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंद पहिल्या पेशंटच्या आधी व्हायला हवी, मागाहून चालत नाही.

कानाच्या यंत्रावर हेडफोन चढवला की यंत्र शिट्टी मारतं. अशांना बाहेरही स्पीकरच द्या. टेबलावर शस्त्रक्रियेच्या बाजूचं यंत्र काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवा, पाणी गेलं तर यंत्र गेलंच. दुसऱ्या बाजूचं राहू द्या, नाहीतर सूचना ऐकू येणार नाहीत. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत असेल तर संगीताचा आग्रह नको. एका सिस्टरने हात धरावा आणि खुणा आधीच ठरवून घ्याव्यात: आम्ही एकदा दाबलं तर स्थिर राहा, तुम्ही दोनदा दाबलंत तर आम्ही थांबतो.