चालू ऑपेरात वन्समोअर : सोलमध्ये बाई चिडल्या ते बरोबर, की प्रेक्षकांनी बू केलं ते?

तिसरी_घंटा :
ज्यांना किस्सा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ८ सप्टेंबर २०२४, सोलचं सेजोंग सेंटर, इटालियन संगीतकार पुच्चीनीचा ऑपेरा 'टोस्का'. टोस्काच्या भूमिकेत अँजेला गिओर्ग्यू, रुमानियाची, तीसेक वर्षं या क्षेत्रातलं मोठं नाव. तिसऱ्या अंकात नायक काव्हारादोसीला तासाभरात गोळ्या घालणार असतात आणि तो टोस्काची, त्याच्या प्रेयसीची, आठवण काढत गातो, ते गाणं ऑपेरा न ऐकणाऱ्यांनीसुद्धा कुठेतरी ऐकलेलं असतं. टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक, आल्फ्रेड किमने ते असं काही गायलं की टाळ्या थांबेनात, वन्समोअर आला, ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरने दिला, ऑर्केस्ट्राने परत सुरुवात केली, आणि हे चालू असताना बाई सरळ स्टेजवर आल्या. फेऱ्या मारल्या, मनगटाकडे बघून वेळ होतोय असं दाखवलं, आणि गाणं संपल्यावर ऑर्केस्ट्रा थांबवायला लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं की हा नाट्यप्रयोग आहे, मैफल नाही, माझा मान राखा. प्रयोग कसाबसा पूर्ण झाला. शेवटी त्या अभिवादनाला आल्या तर बू, काहींनी तर 'घरी जा' म्हणून आरोळ्या दिल्या, आणि बाई तशाच आत निघून गेल्या. नंतर तिथल्या ऑपेरा कंपनीने माफी मागा म्हणून सांगितलं.

माझं मत स्पष्ट आहे, प्रेक्षकांनी केलं ते शंभर टक्के बरोबर. पैसे त्यांचे, संध्याकाळ त्यांची, आणि सहकलाकाराच्या गाण्याला आलेली दाद दुसऱ्याने हाताने पुसून टाकायची हा कुठला न्याय? आपल्याकडे संगीत नाटकात कुणी असं केलं असतं तर नारळ आले असते स्टेजवर.

विंगेतून :
नारळ वगैरे ठीक आहे पण अर्धी गोष्ट सांगितलीत. बाईंच्या बाजूने नंतर जे निवेदन आलं त्यात म्हटलंय की या प्रयोगात कुणीच वन्समोअर घ्यायचा नाही असं आधी ठरलं होतं. ते खरं असेल तर कंडक्टरने शब्द मोडला आणि बू बाईंना मिळाला.

आणि जरा नाटक काय आहे ते बघा ना. जेलर येऊन सांगतो एक तास उरलाय. हा आपली अंगठी त्याला देतो, का तर एक पत्र लिहू दे म्हणून. लिहायला बसतो, दोन ओळी होतात न होतात तोच आठवणींनी हात थांबतो, आणि तिथून गाणं सुरू होतं. शेवटी तो कोसळून रडतो, की लगेच टोस्काला आणतात, तिच्याकडे सुटकेचा परवाना आहे. सगळं कसं एकातून एक येतं. आता मध्येच हा उठून हसून मान लववणार, परत पहिल्यापासून मरणाच्या आठवणी काढणार, परत रडणार, आणि टोस्का परवाना हातात धरून विंगेत उभी. पुच्चीनीने तिथे थांबायला जागाच ठेवलेली नाही, टाळ्यांसाठी थांबतात तीसुद्धा कंडक्टरची मेहेरबानी.

पहाटेपर्यंत :
अहो विंगेतून, एवढं नाटकाचं पावित्र्य होतं तर मग आपले बालगंधर्व काय करत होते म्हणायचं? रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटे संपायचा तो काय संवादांमुळे? एकेका पदाला तीन तीन, चार चार वन्समोअर आणि प्रत्येक वेळी नारायणराव हसतमुखाने परत सुरू. रुक्मिणी कृष्णाची वाट बघतेय, तिकडे शिशुपालाची वरात यायची वेळ झाली, तरी पद परत एकदा. कुणाचा रसभंग झाला? उलट लोक त्यासाठीच बैलगाड्या जोडून यायचे.
८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले संयुक्त मानापमानात, तिथे जर केशवरावांच्या पदाला वन्समोअर आला म्हणून गंधर्वांनी येऊन घड्याळ दाखवलं असतं तर? कल्पना तरी करवते का.
तिसरी_घंटा +१

कोथरूडचा_राक्षस :
घड्याळ दाखवलं असतं तर बालगंधर्वांनी त्याच हाताने शालूचा पदर सावरला असता, आणि त्यालाही वन्समोअर आला असता 😄

पिटातला :
मी हौशी संगीत नाटकांना ऑर्गनवर साथ करतो, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. दोन्हीची गल्लत होतेय इथे.

नाट्यपदात दुसऱ्यांदा गाताना गायक तेच गात नाही. मुखडा तोच, पण मधली जागा वेगळी, एखादी तान नवीन, कधी सरळ दुसऱ्याच रागाची झलक, तबलजीकडे बघून लय थोडी चढवतो, आम्ही मागे धावतो. म्हणजे वन्समोअर हा फर्माईश असतो, 'अजून काय आहे तुमच्याकडे ते दाखवा' असा. पहिल्या वेळेला जे नव्हतं ते दुसऱ्या वेळेला मिळतं, म्हणून तर आजोबा लोक तिसऱ्या वन्समोअरच्या गोष्टी सांगतात, पहिल्याच्या नाही.

पुच्चीनीत ही सोय नाही. त्या गाण्याच्या सुरुवातीला खरी चाल क्लॅरिनेट वाजवतो, गायक नुसता एकाच सुरावर शब्द बोलल्यासारखा ठेवत जातो, आठवतंय पण गाता येत नाहीये अशा बेताने. मग दुसऱ्या कडव्यात ती चाल त्याच्या गळ्यात येते आणि तिथे पोट ढवळतं. ही युक्ती एकदाच लागू पडते. दुसऱ्यांदा तेच क्लॅरिनेट, तोच सूर, तोच हुंदका त्याच जागी. सगळं लिहिलेलं आहे, एक मात्रा इकडे तिकडे नाही. तीनेक मिनिटांचं गाणं फक्त सहा मिनिटांचं होतं.

तेव्हा बाईंचं भांडण मला पटतं. भांडायची पद्धत नाही पटली.

तिसरी_घंटा :
पिटातला, छान लिहिलंय, पण लिहिलेलं संगीत दुसऱ्यांदा गायलं की तेच होतं हे मान्य नाही. टेनरचा आवाज पहिल्या वेळेला वरच्या सुराला घाबरत जातो, दाद मिळाल्यावर दुसऱ्यांदा मोकळा सुटतो. लोकांना तो फरक ऐकू येतो म्हणून तर ते मागतात.
आणि ऑपेरात वन्समोअर नाहीच असं नाही. १७८६ साली व्हिएन्नात मोत्सार्टचा 'फिगारो' हा ऑपेरा आला तेव्हा इतके वन्समोअर पडले, एक छोटं द्वंद्वगीत तर तीनदा गावं लागलं असं मोत्सार्टच्या बापाने पत्रात लिहिलंय, की सम्राट योसेफला फर्मान काढावं लागलं की एकाहून जास्त गायकांची गाणी परत घ्यायची नाहीत. म्हणजे बघा, एकट्याच्या गाण्याला तेव्हाही मोकळीक होती! इटलीत तर लोक 'बिस बिस', म्हणजे 'परत परत', ओरडतातच. हे सगळं शिस्तीचं खूळ कंडक्टर तोस्कानिनीने आणलं, मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात वन्समोअर बंद, दिवे बंद, बायकांच्या टोप्या बंद. त्याआधी ऑपेरा म्हणजे जत्रा होती.

विंगेतून :
आणि जत्रेत कोण ओरडायचं तेही सांगा की. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात टाळ्या वाजवणारी भाडोत्री टोळी असायची, तिचा एक म्होरक्या, तो तालमींना बसून कुठे वाजवायच्या ते ठरवायचा, गायक त्याला पैसे द्यायचे. त्यात एक माणूस फक्त हसायला, एकजण रडायला, आणि एक खास 'बिस' ओरडायला. तेव्हा 'प्रेक्षकांची मागणी' हा शब्द जरा जपून.

पिटातला :
खी खी. पॅरिसला कशाला जाता, तिसऱ्या रांगेत मेहुणे बसवलेले मी स्वतः पाहिलेत. पद संपायच्या आत वन्समोअर, समेवर येऊ देत नाहीत. आणि त्या वेळी बाकीची पात्रं कुठे बघतात माहितीये? फूटलाइटकडे. एकाने मला सांगितलं मी त्या वेळात घरचा किराणा आठवतो.

पहाटेपर्यंत :
मेहुणे बसवले तरी बाकीचं थिएटर साथ देतं का हा प्रश्न आहे. नुसत्या मेहुण्यांच्या जोरावर वन्समोअर निघत नाही, दोन टाळ्या पडून शांतता होते आणि गायकाची इज्जत जाते, तेही पाहिलंय.

माइनकाठची_मावशी :
मी फ्रँकफुर्टला असते, इथली ऑपेरा बरीच बघते, म्हणून बू या विषयावर थोडं. तुम्ही सगळे वन्समोअरवर अडकलात पण मला त्या बूचंच जास्त वाटलं. इथे बू करणं हे रोजचं आहे, प्रीमियरला दिग्दर्शक आणि नेपथ्यवाले स्टेजवर आले की निम्मं सभागृह बू निम्मं ब्राव्हो, आणि दोघे एकमेकांवर चढ करतात, मग बाहेर येऊन एकाच बारमध्ये बिअर पितात. कुणाला काही वाटत नाही. पण हे सगळं बहुतेक वेळा शेवटी, पडदा पडल्यावर. चालू गाण्यात कुणी तोंड उघडलं तर शेजारचे आजोबा डोळ्यांनी जाळतात.

सोलच्या लोकांनीही शेवटपर्यंत धीर धरला, प्रयोग होऊ दिला आणि मग सांगितलं. म्हणजे शिस्त बघाल तर प्रेक्षकांनी पाळली, मोडली ती स्टेजवरच्या माणसाने. बाईंना नाटकाचं एवढं पडलं होतं तर नाटक थांबवलं कुणी? वन्समोअरने तीन मिनिटं मोडलं असेल, भाषणाने पुढचं सगळं मोडलं. त्यानंतर त्या दोघांचं ते प्रेमाचं द्वंद्वगीत लोकांनी कशा मनाने ऐकलं असेल? ती त्याच्या गळ्यात पडतेय आणि आत्ताच त्याची शोभा केलीय.

विंगेतून :
मावशी हा मुद्दा बरोबर आहे. पण प्रेक्षक बू करतात म्हणजे ते बरोबर असतात असं नाही ना. तुमच्याच जर्मनीत १९७६ ला बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात, शताब्दीच्या वर्षी, दिग्दर्शक पात्रिस शेरोने वाग्नरची 'रिंग' ही चार ऑपेरांची मालिका केली, ऱ्हाइनच्या कन्या धरणावर वगैरे, तर लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, आरडाओरड, मारामारीपर्यंत गेलं. तोच प्रयोग १९८० ला शेवटचा झाला तेव्हा तासाभराहून जास्त टाळ्या. आणि पुच्चीनीचंच बघा, त्याचं 'मादाम बटरफ्लाय' १७ फेब्रुवारी १९०४ ला ला स्कालात अक्षरशः हुर्योत बुडालं, तीन महिन्यांनी ब्रेशियात थोडं बदलून केलं तर डोक्यावर घेतलं.

तिसरी_घंटा :
म्हणजे बू झाल्यावर पुच्चीनीने बदल केले आणि ऑपेरा सुधारला. माझ्याच बाजूचं उदाहरण दिल्याबद्दल आभार 🙏

विंगेतून :
😀 घ्या.
पण १० डिसेंबर २००६ चं 'आइडा' पण घ्या मग, व्हेर्दीचा ऑपेरा. ला स्काला, टेनर रोबेर्तो आलान्या, पहिलंच गाणं संपल्यावर वरच्या गॅलरीतून हुर्यो, आणि हा भाई सरळ चालता झाला. ऑर्केस्ट्रा चालू. बदली गायकाला रोजच्या कपड्यांत स्टेजवर ढकललं, इजिप्तच्या दरबारात शर्टपँटवाला सेनापती. तिथे गॅलरीचं काय सुधारलं?

कोथरूडचा_राक्षस :
मला तर तो शर्टपँटवाला सगळ्यात जास्त आवडला. वन्समोअर त्याला द्या.

ब्रंचवाली :
एक विचारू का, मी फार जाणकार नाही, मुंबईत एनसीपीएला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे, म्हणजे मेटचे, प्रयोग पडद्यावर दाखवतात ते बघते फक्त. तर मेटला वन्समोअर चालतो ना? एकाच गाण्यात ते नऊ वरचे सूर लावणारा टेनर फ्लोरेस, त्याने केलेला.

पिटातला :
हो, एप्रिल २००८. त्याआधी २००७ ला ला स्कालातही त्याने त्याच गाण्याला केला, तिथे एकट्या गायकाचा वन्समोअर १९३३ नंतर झालाच नव्हता. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे तो दोनिझेत्तीचा ऑपेरा आहे, विनोदी, गाणं दणक्यात संपतं, टाळ्यांसाठीच बांधलेलं, गोष्ट तिथे थांबली तरी कुणी मरत नाही. दुसरं, मेटमध्ये मॅनेजमेंटशी आधी बोलणं झालेलं होतं, लोकांनी मागितलं तर द्यायचं म्हणून. म्हणजे सहकलाकारांना अंदाज होता. सोलला हेच नव्हतं, हा माझा सगळा मुद्दा.
बाय द वे मेटला फ्लोरेसच्या आधीचा वन्समोअर १९९४ चा, पावारोत्ती, आणि गाणं कुठलं तर हेच टोस्काचं. म्हणजे पुच्चीनीत होत नाही असंही नाही, होतं, पण मला ते आवडत नाही.

तिसरी_घंटा :
आता आलात लाइनवर. होतं, लोकांना आवडतं, तुम्हाला आवडत नाही. एवढंच आहे.

माइनकाठची_मावशी :
आणि या बाईंचं हे पहिल्यांदा नाहीये हेही कुणीतरी लिहा. एप्रिल २०१६, व्हिएन्ना, हाच ऑपेरा, योनास काउफमानने याच गाण्याला वन्समोअर दिला, आणि टोस्काची एन्ट्री आली तर टोस्काच नाही! ऑर्केस्ट्रा वाजतोय, स्टेज रिकामं, शेवटी काउफमानने चालीतच गाऊन टाकलं की आपल्याकडे सोप्रानो, म्हणजे टोस्का गाणारी बाई, नाहीये. लोक हसून हसून बेजार. तिथे कुणी चिडलं नाही कारण टेनरने विनोदावर नेलं.

विंगेतून :
व्हिएन्नात आल्या नाहीत म्हणून बोललात, सोलमध्ये आल्या म्हणूनही बोलताय. करायचं काय त्यांनी?

माइनकाठची_मावशी :
वेळेवर यायचं आणि आपलं गायचं. दुसऱ्या अंकात तिच्या गाण्याला वन्समोअर आला आणि तिने नाही घेतला तर तो तिचा हक्क, कौतुकच करीन. दुसऱ्याचा का अडवायचा?

पिटातला :
कारण तिसऱ्या अंकात त्याचा वन्समोअर म्हणजे तिचीच थांबणूक. एकट्याचं नसतंच ते. मी साथीला बसतो म्हणून सांगतो, गायक वन्समोअर घेतो तेव्हा आधी आमच्याकडे बघतो, डोळ्यांनी विचारतो, आणि कधी कधी मी मान हलवून नाही म्हणतो कारण पुढे दोन पदं पट्टी बदलून आहेत आणि पेटीवाल्याच्या बोटांना गोळे आलेत. ते बघणं सोलमध्ये झालं असतं तर हा धागाच निघाला नसता.

पहाटेपर्यंत :
बालगंधर्व विचारत नसावेत 😌

पिटातला :
त्यांना कोण नाही म्हणणार होतं.

तिसरी_घंटा :
बरं, सगळं मान्य करून टाकतो क्षणभर, ठरलं होतं, कंडक्टर चुकला, पुच्चीनीत जागा नाही. पण ते मनगट दाखवायची काय गरज होती एवढं तरी सांगा कुणीतरी.

विंगेतून :
ती नव्हतीच गरज. कंडक्टरला नंतर खोलीत गाठून बडवायचा.