मदत हवी आहे: मुलगा नववीत, मुलगी सहावीत. वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो की एडिसन?

नमस्कार मंडळी,

आम्ही सात वर्षं न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत भाड्याने राहतोय. जुलैअखेर लीज संपतेय आणि यंदा हलायचंच असं ठरलंय. मुलगा सप्टेंबरमध्ये नववीत जाईल, मुलगी सहावीत. म्हणजे एकाचं हायस्कूल आणि दुसरीचं मिडल स्कूल एकदमच सुरू. आत्ता हललो नाही तर मग मुलाची बारावी होईपर्यंत हलता येणार नाही.

नवऱ्याचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. माझं काम घरूनच. त्यामुळे न्यूयॉर्कला जाणारी नॉर्थईस्ट कॉरिडॉर मार्गाची ट्रेन जवळ हवी. यादी करता करता एडिसन, वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो आणि साउथ ब्रन्सविक एवढी गावं उरली. घर विकत घेण्याची ऐपत आत्ता नाही. म्हणजे हप्ता कसाबसा निघेल, पण वर प्रॉपर्टी टॅक्स धरला की गणित कोलमडतं. राज्याची सरासरीच वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेलीय. तेव्हा दोन बेडरूमचं अपार्टमेंट भाड्याने, साडेतीन हजारांच्या आत.

आता खरी अडचण. नवऱ्याचा कौल वेस्ट विंडसरला, डोळे मिटून. तो सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आला. चांगल्या शाळेत घातलं की पोरं आपोआप वर येतात, असं त्याचं ठाम मत. माझा अनुभव उलटा आहे. सातवीपर्यंत मी 'ब' तुकडीत पहिल्या पाचात असायचे. आठवीत 'अ' तुकडीत ढकललं आणि शेवटून तिसरी आले. दहावीपर्यंत वर्गात हात वर केला नाही.

आमचा मुलगा अगदी तसाच आहे. अभ्यास बरा, गणित ठीकठाक, तबला मनापासून वाजवतो, नवीन माणसात मिसळायला वेळ घेतो. मुलगी कुठेही टाका, तरंगेल. तिची काळजी नाही.

विचारायचंय ते एवढंच: असा मुलगा थेट नववीत या 'अ' तुकडीच्या शाळांमध्ये घालावा का? कोणाची मुलं मधूनच तिथे गेली असतील तर सांगा. रँकिंग आम्ही बघितलंय, त्याच्या लिंक कृपया देऊ नका.

---

जर्सीकर

आधी एक व्यावहारिक गोष्ट, कारण यात आमच्या ओळखीतली दोन घरं फसली आहेत. पत्त्यात 'प्रिन्स्टन' लिहिलंय म्हणजे प्रिन्स्टनची शाळा मिळेल असं नाही. तो पोस्टाचा पत्ता. त्याच पत्त्याखाली वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स अशा टाउनशिपचे भाग येतात आणि शाळा टाउनशिपवरून ठरते. प्रिन्स्टन जंक्शन तर अख्खं वेस्ट विंडसरमध्येच आहे. उलट क्रॅनबरी वेगळं गाव, पण तिथली मुलं हायस्कूलला प्रिन्स्टन हायमध्ये जातात. लीजवर सही करण्याआधी घर नंबरसकट पत्ता देऊन स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) ऑफिसात फोन करा. एजंटला 'शाळा चांगली आहे का' विचारू नका. फेअर हाउसिंगच्या, म्हणजे घर देताना भेदभाव करू नये या कायद्यामुळे ते त्यावर बोलायचं टाळतात.

वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरोचं डिस्ट्रिक्ट एकच आहे. हायस्कूलं दोन, नॉर्थ आणि साउथ. मिडल स्कूलंही दोन, कम्युनिटी आणि ग्रोव्हर. कुठलं मिळणार ते पत्त्यावर. भाड्याची अपार्टमेंट प्लेन्सबरोत भरपूर आहेत, वेस्ट विंडसरमध्ये त्यामानाने कमी. तुमच्या बजेटमध्ये प्लेन्सबरोच बसेल असं वाटतं. साउथ ब्रन्सविकात रेल्वे स्टेशन नाही, हे लक्षात घ्या.

---

कोथिंबीरवडी

अगं, तुझं 'अ' तुकडीचं वाचून हसू आलं आणि पोटात कालवलंही. माझी मोठी नववीतच इकडच्या एका नावाजलेल्या शाळेत आली. शाळेचं नाव सांगत नाही. पहिल्या आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आई, इथे सगळ्यांचं जिऑमेट्री आठवीतच झालंय."

तेव्हा तुझ्यासाठी खरा प्रश्न हा: मुलाने आठवीत अल्जेब्रा १ केलंय का? केलं असेल तर नववीत जिऑमेट्री, दहावीत अल्जेब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस. वाट अगदी सरळ आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त आजूबाजूची बरीच मुलं एक वर्ष पुढे असतात आणि चौदाव्या वर्षी तेवढंच दिसतं. आम्ही घाबरून उन्हाळ्यात क्लास लावून तिला गणितात एक इयत्ता पुढे ढकललं. ती चूक होती. दहावीत परत मागे आलो, आणि मगच ती जेवताना बोलायला लागली.

---

मनमौजी_०७

ताणाचं म्हणाल तर डिस्ट्रिक्टलाही तो माहीत आहे. २०१५ साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सुपरिंटेंडंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं, मुलांवरचं ओझं फार झालंय म्हणून. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठ द्यायचाच नाही असं ठरवलं. त्यावरून पालकांत उभी फूट पडली, बातमी न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेली. आपले बरेच लोक त्या सुधारणांच्या विरोधात होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणजे दडपण शाळेतून येतं त्यापेक्षा जास्त शेजारच्या घरातून येतं. एडिसनला गेलात म्हणून ते सुटणार नाही. तिथल्या जेपी स्टीव्हन्स हायस्कूलमध्ये २ हजारांच्या वर मुलं आहेत आणि चुरस तिथेही तशीच. फक्त देशी दुकानांचा ओक ट्री रोड जवळ, भाजीची सोय.

---

आजोळ

मुलीबद्दल कोणीच काही लिहिलं नाही, म्हणून लिहितो. डिस्ट्रिक्ट एक असलं तरी प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत येतं आणि वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत. मिडलसेक्सची मॅग्नेट (ठरावीक विषयांवर भर देणारी, निवडून प्रवेश देणारी) हायस्कूलं, म्हणजे एडिसन आणि वुडब्रिज अकॅडमी, फक्त त्या काउंटीच्या रहिवाशांसाठी. अर्ज आठवीत असताना करायचा, प्रवेश परीक्षा देऊन. मुलाची वेळ गेली. मुलगी 'कुठेही तरंगेल' म्हणताय, तर तीन वर्षांनी तिला हा पर्याय हवा की नको, ते घर घेतानाच ठरतंय. रस्त्याच्या एका बाजूला मिळतो, दुसऱ्या बाजूला नाही.

अजून एक. आठवीपर्यंत दोन मैल आणि हायस्कूलला अडीच मैल, याच्या आत राहत असाल तर साधारणपणे बस देण्याचं बंधन डिस्ट्रिक्टवर नसतं. दोघांच्या शाळा वेगळ्या, सुटायच्या वेळा वेगळ्या, तुम्ही घरून मीटिंगमध्ये. नकाशावर दोन्ही अंतरं मोजा.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काउंटीचं आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. नवरा आत्ता नकाशा उघडून बसलाय.

@कोथिंबीरवडी, अल्जेब्रा १ चालू आहे, बी मिळतोय. क्लासचं कालच ठरत होतं, ते रद्द केलं. तुझा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. "मग मी नॉर्मल आहे" म्हणाला आणि खोलीत गेला. पाच मिनिटांनी तबल्याचा आवाज आला.

शनिवारी प्लेन्सबरोत तीन अपार्टमेंट बघतोय. लीज एक वर्षाचीच करायची, एवढ्यावर सध्या दोघांचं एकमत झालंय. त्यानंतरचं बघू.

तिथे आसपास कोणी तबला शिकवत असेल आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना चालत असेल अशा कॉम्प्लेक्सचा कोणाला अनुभव असेल, तर विपुत (माझ्या विचारपूस पानावर) कळवा.