विमान आणि वारा: माझं उत्तर ४३६ का येतंय?

प्रश्न
मुलीला शाब्दिक उदाहरण समजावायला बसले आणि मीच अडकले. विमान १२०० किमी अंतर वाऱ्याच्या विरुद्ध ३ तासांत जातं आणि वाऱ्याच्या दिशेने अडीच तासांत परत येतं. वारा नसताना त्याचा वेग किती? मी म्हटलं, जाताना वाऱ्याने जेवढं अडवलं तेवढंच येताना ढकललं, फिटंफाट. २४०० ला साडेपाचने भागलं, ४३६ आणि वर काहीतरी आलं. पुस्तकात ४४०. मुलगी म्हणाली, "आई, जवळपास बरोबर आहे गं." ते 'जवळपास' जरा झोंबलंच. पुस्तकात छपाईची चूक असेल का?

उत्तर १
पुस्तक बरोबर आहे. विमान क्ष, वारा य.
क्ष − य = १२०० ÷ ३ = ४००
क्ष + य = १२०० ÷ २.५ = ४८०
बेरीज करा: २क्ष = ८८०. विमान ४४०, वारा ४०.

उत्तर २
समीकरणं वर आलीच आहेत, पण ताई, तुमचं कुठे चुकलं ते त्यातून कळत नाही. फिटंफाट वेगात होते, वेळेत नाही. वारा ३ तास अडवतो आणि ढकलतो मात्र अडीचच तास. ताशी ४० ने १२० किमी गेले, १०० परत मिळाले. साडेपाच तासांत विमान स्वतःच्या जोरावर ४४० × ५.५ म्हणजे २४२० किमी कापतं. त्यातून १२० वजा करा, १०० मिळवा. आले की नाही तुमचे २४००?

अजून शंका असेल तर वाराही ताशी ४४० धरून बघा. विरुद्ध दिशेने निघालेलं विमान जागच्या जागी लटकून राहील. कसली आलीय फिटंफाट!

(आणि हो, मुलीला २ तास ३० मिनिटं २.३० अशी लिहू देऊ नका. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी लिहितंच.)

प्रश्नकर्ती
२४२० − १२० + १०० वहीत मांडून दाखवलं, तिला लगेच पटलं. आता विचारतेय, वारा दोन्ही वेळा बरोबर आडवा आला तर? तेव्हा तरी ४४० च ना?

उत्तर २
नाही! सरळ रेषेत जायचं तर नाक थोडं वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं, त्यात वेग खर्च होतो. पायथागोरस लावायला सांगा: ४४० च्या वर्गातून ४० चा वर्ग वजा, मग वर्गमूळ. साधारण ४३८ येईल, जाताना आणि येतानाही.